दोन बरण्या, दोन हात

टेबलावर दोन बरण्या होत्या. इतवारीच्या बाजारातून आणलेल्या, बिस्किटांच्या, रुंद तोंडाच्या. प्रत्येकीत प्लास्टिकचे बारा पंचकोनी तुकडे. प्रत्येक तुकड्याला पाच कडा, प्रत्येक कडेत दोन चुंबक, म्हणजे बरणीमागे एकशेवीस. निळ्या झाकणाच्या बरणीतले चुंबक एक मिलिमीटर जाडीचे, लाल झाकणाच्या बरणीतले दोन मिलिमीटरचे. दोन्हींत एवढा एकच फरक होता, असं मी धरून चालले होते.

बरणी हलवली की तुकडे एकमेकांवर आपटतात, चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. कधी कधी बाराच्या बारा तुकडे योग्य कडांनी जुळतात आणि मुठीहून थोडा मोठा बंद चेंडू तयार होतो. कितीतरी विषाणूंचं बाहेरचं कवच याच पद्धतीने बनतं. तिथे कोणी रचणारा नसतो. प्रथिनांचे सारखे तुकडे पेशीतल्या पाण्यात धक्के खात फिरतात आणि धक्के खाता खाताच कवच होतं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझा विश्वास बसला नव्हता. पुढची दोन वर्षं मी तेच संगणकावर करून पाहत होते.

माझ्या सिम्युलेशनचं उत्तर एका वाक्यात सांगता येत होतं: तुकड्यांमधलं आकर्षण कमी असेल तर पूर्ण कवचं जास्त बनतात. ऐकायला उलटं वाटतं. पण आकर्षण जोरदार असेल तर चुकीच्या जागी चिकटलेला तुकडा तिथून सुटतच नाही, आणि वाकडंतिकडं अर्धं कवच तसंच अडकून राहतं. कमजोर जोड तुटू शकतो, म्हणून चूक दुरुस्त होऊ शकते.

या एका वाक्यावर माझी पीएचडीची नोंदणी अवलंबून होती. विद्यापीठाची संशोधन समिती सोमवारी बसणार होती. सगळे तिला आरआरसी म्हणतात. त्यानंतरची बैठक थेट डिसेंबरात. प्रकल्पातली माझी जागा जूनअखेर संपत होती, आणि नोंदणी नसेल तर ती वाढणार नव्हती. मौद्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मला देऊ केली होती. बाबांचं मत होतं की लगेच हो म्हणावं. ते कोराडीला वीज केंद्रात आहेत. पाळीने चालणारं काम त्यांना कळतं, वाट बघत बसण्याचं काम कळत नाही. मी मौद्याला मंगळवारी कळवते असं सांगून ठेवलं होतं.

बरण्यांची कल्पना माझे मार्गदर्शक उन्मेष सर यांची. समितीतले लोक पडद्यावरच्या रंगीत ठिपक्यांना कंटाळलेत, त्यांच्या हातात काहीतरी द्या, असं ते म्हणाले. तुकडे मी संगणकावर आखले, लॅबमधल्या सौरवने थ्रीडी प्रिंटरवर काढले. चुंबक बसवायला दोघांनी एकेक बरणी घेतली. निळी त्याने, लाल मी. आमच्या लॅबमध्ये एक रीत आहे: जी वस्तू ज्याने बांधली, ती त्यानेच हाताळायची. माझ्या आधीच्या कोणीतरी दुसऱ्याचा सेन्सर तोडला होता, तेव्हापासूनची. आता कोणी ती बोलूनही दाखवत नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणं नुसतं असभ्य वाटतं. त्यामुळे चाचण्यांच्या वेळीही निळी बरणी सौरवने हलवली आणि लाल मी. दोघं समोरासमोर बसून, एकाच घड्याळावर, दोन मिनिटं हलवायचं, झाकण उघडायचं, लिहायचं. असं वीस वेळा.

निळी बरणी: वीसपैकी चौदा पूर्ण कवचं. लाल: वीसपैकी दोन.

सातपट फरक. सिम्युलेशनमध्येही जवळपास तेवढाच होता. सरांनी आम्हाला तर्री पोहे खाऊ घातले आणि सातव्या स्लाइडवर तो आकडा मोठ्या अक्षरात टाकायला सांगितला.

मग सौरव आपल्या गावी, खाप्याला गेला. त्याच्या वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन झालं होतं, आणि दर काही तासांनी थेंब घालायला घरात दुसरं कोणी धड जागचं हलत नाही असं त्याचं म्हणणं. सोमवारी सकाळी तो परत येणार होता. शुक्रवारी सरांनी माझी रंगीत तालीम ठेवली. मी सातव्या स्लाइडपर्यंत आले, लाल बरणी हलवून दाखवली, अपेक्षेप्रमाणे काही जुळलं नाही. मग निळी उचलली.

ती मी त्याआधी कधी हातात घेतलेली नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं. लाल बरणीपेक्षा हलकी होती. दोन मिनिटं हलवली, झाकण उघडलं. सात तुकड्यांची एक वाटी आणि पाच सुटे. सर म्हणाले, घाबरू नकोस, परत कर. परत केलं. नऊ आणि तीन. मग पाच, चार आणि तीन. एकूण सहा वेळा हलवली आणि एकदाच पूर्ण कवच मिळालं. सर म्हणाले की मी टेन्शनमध्ये आहे, घरी जाऊन झोपावं. मी घरी गेले. झोप लागली नाही. जेवताना आईने विचारलं की पोळी मोडून मोडून ताटात काय जमवतेस, तेव्हा पाहिलं तर मी तुकडे कडेला कडा लावून ठेवत होते.

चुंबक ढिले झालेत का, ते मी शनिवारी सकाळी तपासलं. एकशेवीसही जागेवर होते. उलटा बसलेला एकही नव्हता. कडांचा कोन मोजला, तोही बरोबर. बरणीत काहीच बदललं नव्हतं. बदलला होता तो हात.

मी बाहेर व्हरांड्यात गेले, परत आले, परत गेले. माझ्या सिम्युलेशनमध्ये तापमान नावाची एक संख्या असते. तुकड्यांना किती धक्के बसणार ते तीच ठरवते. दोन्ही आकर्षणांची तुलना करताना मी ती काटेकोरपणे सारखी ठेवली होती. बरणीत तापमान म्हणजे हलवणं. आणि हलवणारे दोघं होतो. सौरवची निळी आणि माझी लाल यांच्यात फक्त चुंबकांचा फरक नव्हता. सातव्या स्लाइडवरचा आकडा चुंबकांचा होता की सौरवच्या मनगटाचा, हे मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नव्हतं, कारण आम्ही एकदासुद्धा बरण्या बदलल्या नव्हत्या.

खाप्याची बस मिळाली. दोन्ही बरण्या मांडीवर घेऊन बसले. बॅगेत ठेवल्या असत्या तर बसच्या धक्क्यांनी आतले तुकडे जुळत राहिले असते आणि ते मला दिसले नसते. शेजारच्या बाईंनी विचारलं, चकल्या आहेत का. मी सांगितलं, विषाणू आहेत, प्लास्टिकचे. त्या जरा सरकून बसल्या. सावनेरच्या अलीकडे एका मोठ्या खड्ड्यात बस आदळली आणि लाल बरणीत आठ तुकडे एका झटक्यात चिकटले. मी खिडकीबाहेर पाहायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुढचा सगळा रस्ता मी त्या आठ तुकड्यांकडेच बघत होते.

सौरवच्या घरी ओसरीवर कूलर लावलेला होता आणि त्याच्यासमोर काळा चष्मा घालून त्याचे वडील देवाजी बसले होते. मी पाय धुवायच्या आत सौरवला सांगायला सुरुवात केली. आतून त्याची आई सिंधूताई आल्या आणि त्याला म्हणाल्या, "पहिले पाणी तं पिऊ दे तिले. पोरगी उन्हाची आली, अन् तू उभ्यानं शाळा घेऊन राहिला."

"मी नाही, तेच घेऊन राहिली," सौरव म्हणाला.

पाणी पिऊन झाल्यावर मी त्याला निळी बरणी मी कशी हलवते ते दाखवलं. दोन्ही हातांत धरून, डावीकडून उजवीकडे, मनात मोजत, सारख्या वेगाने. त्याने थोडा वेळ पाहिलं.

"काहून वं, तू बरणी हलवून राहिली का आरती ओवाळून राहिली?"

मग त्याने ती घेतली. तो कशी हलवतो ते मी वीस वेळा समोर बसून पाहिलं होतं, पण त्या वेळी माझं लक्ष माझ्या मोजण्यात होतं. आता नीट पाहिलं. तो बरणी उलटी करत होता, पिळल्यासारखी फिरवत होता, मध्येच तळहातावर आपटत होता, मग जरा थांबून परत. बाटली विसळतात तसं. दोन मिनिटांनी झाकण उघडलं. बंद चेंडू.

देवाजींनी आवाजावरून अंदाज घेतला असावा. "दोन वर्षं झाले, हा मले सांगून राहिला का मी विषाणूवर काम करतो," ते माझ्याकडे तोंड करून म्हणाले. "आज समजलं. डबा हलवते."

सौरव हसला. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला. मी वहीचं पान फाडून चार चौकोन आखले. निळी-सौरव, लाल-गोपिका, म्हणजे मी, या दोन चौकोनांत आकडे होते. निळी-गोपिका आणि लाल-सौरव रिकामे. हे दोन आत्ता भरायचे, म्हणाले.

त्याला लाल बरणीला हात लावायला संकोच वाटला. खरंच वाटला. घेऊ का, असं त्याने विचारलं, आणि मी घे म्हटल्यावरसुद्धा दोन्ही हातांनी, सांभाळून उचलली. मग दुपारभर आम्ही ओसरीवर समोरासमोर बसून हलवत राहिलो. मधून मधून तो उठून देवाजींच्या डोळ्यात थेंब घालून येई. सिंधूताई दोनदा चहा ठेवून गेल्या आणि दोन्ही वेळा तो तसाच राहिला. शेजारच्या दोन बायका येऊन पाहून गेल्या आणि सिंधूताईंनी त्यांना सांगितलं की हे कॉलेजचं आहे, आपल्याले समजत नाही, मलेही समजत नाही.

माझ्या हाताची मला खात्री वाटत नव्हती. पहिल्या चाचण्यांच्या वेळी मी निवांत होते. आता प्रत्येक फेरीला मनातलं मोजणं पुढे पळत होतं, ते मागे आणावं लागत होतं. मागे आणलं की हात आणखी हळू होई. मी तीच होते, पण हात तोच होता का, हे मोजायचं साधन माझ्याजवळ नव्हतं.

लाल बरणी, सौरव: वीसपैकी नऊ. निळी बरणी, मी: वीसपैकी पाच.

चौकोन भरल्यावर आम्ही दोघंही त्या पानाकडे पाहत राहिलो. सौरवच्या हातात कमजोर चुंबकांची चौदा, जोरदारांची नऊ. माझ्या हातात पाच आणि दोन. कमजोर चुंबक दोन्ही हातांत पुढे होते. पण सातपट कुठेच नव्हतं. सातपट आलं होतं ते त्याची सगळ्यात चांगली बरणी आणि माझी सगळ्यात वाईट बरणी शेजारी ठेवल्यामुळे.

"म्हणजे अर्धं काम माह्या हाताचं होतं," सौरव म्हणाला.

"अर्ध्याहून जास्त."

"सोमवारी मी येतोच आहो. निळी मी हलवतो, लाल तू. जसं होतं तसंच. कोण विचारते?"

"आणि उद्या तिसऱ्या कोणी हलवली तर?"

त्याने लाल बरणी उचलली, उगाच एकदा हलवली आणि खाली ठेवली.

मी तिथूनच सरांना फोन केला. चार आकडे सांगितले. सर शांतपणे म्हणाले की सिम्युलेशन बरोबरच आहे आणि बरण्या नुसत्या दाखवण्यासाठी आहेत. जे मोजलं तेच लिहिलंय, त्यात खोटं काही नाही. समितीसमोर माणसाने एकच गोष्ट सांगावी, चार सांगू नयेत. सौरवला घेऊन ये, म्हणाले. ज्याची बरणी त्यानेच हलवायची, हा तर आपल्या लॅबचा नियमच आहे. त्यांना माझी नोंदणी व्हायला हवी होती, मनापासून, हे मला कळत होतं. त्यामुळे उत्तर देणं जास्त कठीण गेलं. मी बघते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी सातवी स्लाइड दोनदा बदलली आणि दोनदा परत पहिल्यासारखी केली. रविवारी दिवसभर तेच. संध्याकाळी बाबा म्हणाले, "बस ना वं एका जागी." मी बसले, आणि सातपटीचा आकडा काढून तिथे चार चौकोन टाकले. सरांना पाठवले. त्यांनी वाचल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही.

सोमवारी आरआरसीच्या दालनाबाहेर खुर्च्या होत्या, पण मी उभीच होते. सौरव दोन्ही बरण्यांवर एकेक हात ठेवून बसला होता, तुकडे आधीच जुळू नयेत म्हणून. माझं नाव पुकारलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "आरती नको ओवाळू."

सहा स्लाइड सुरळीत गेल्या. सातवीवर मी सांगितलं की आधीचा जो सारांश समितीकडे गेलाय त्यात सातपट असा आकडा आहे, तो मागे घेते. कारण सांगितलं. चार चौकोन एकेक करून वाचून दाखवले. उन्मेष सर टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

बाहेरगावाहून आलेल्या तज्ज्ञ अदिती मॅडम संख्याशास्त्राच्या होत्या. त्यांनी चौकोनांकडे पाहिलं, मग सरांकडे वळल्या. "सर, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"शनिवारपासून," सर म्हणाले.

त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या. माझा विषय जोडाच्या ताकदीचा आहे, हाताचा नाही, असं त्या म्हणाल्या. हात काढून टाकला तर काय उरतं, हे मी दाखवलेलंच नाही. मी म्हटलं, खरं आहे. मग त्यांनी विचारलं की यंत्रावर का हलवलं नाही. बरण्या प्रयोग म्हणून बनवल्या नव्हत्या, खेळणं म्हणून बनवल्या होत्या, मग त्यांतून आकडे आले आणि आम्हाला ते आवडले, एवढंच सांगता आलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि डिसेंबर हा शब्द उच्चारला.

तेव्हा उन्मेष सर म्हणाले, "फार्मसी विभागात शेकर आहे. मी फोन करतो."

अदिती मॅडमनी विचार केला. बाकीचे उमेदवार संपायला वेळ होता. तोपर्यंत दोन्ही बरण्यांच्या दहा दहा फेऱ्या करून आणा, म्हणाल्या. दहा फेऱ्या कमीच आहेत, हे त्यांनीच सांगितलं. पण निळी लालच्या निदान दुप्पट असेल तर विषयाला आधार आहे असं त्या मानतील. नसेल तर डिसेंबरपर्यंत नीट प्रयोग आखून यावं. अध्यक्षांनी मान डोलावली.

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. शेकरचा वेग किती ठेवायचा, ते मला ठरवायचं नव्हतं. मला माझं सिम्युलेशन पाठ आहे. कोणत्या वेगाला कमजोर चुंबकांचं फावेल आणि कोणत्या वेगाला ते सगळे सुटतील, याचा अंदाज मी करू शकले असते. म्हटलं, वेग तुम्ही सांगा.

"मिनिटाला एकशे ऐंशी," त्या म्हणाल्या. मी निवडला असता त्यापेक्षा जास्त होता.

फार्मसी विभागातला शेकर म्हणजे फिरणारा एक सपाट पत्रा, त्यावर चंबू पकडायचे चिमटे. बरणी चिमट्यात बसेना, म्हणून सौरवने ती आडवी ठेवून रबराने आणि चिकटपट्टीने बांधली. प्रत्येक फेरीत आधी निळी, मग लाल, असं आलटून पालटून करायचं ठरवलं, म्हणजे यंत्र तापलं तरी दोघींना सारखंच. बटण दाबलं की मला करण्यासारखं काही उरत नव्हतं. ते सगळ्यात अवघड होतं. मी दोन्ही हात पाठीमागे धरून फिरत होते, आणि तिथल्या प्रयोगशाळा सहायकांनी दोनदा विचारलं की मॅडमना काही हवंय का.

झाकण सौरव उघडायचा, तुकडे मी मोजायचे. पहिली निळी जुळली, दुसरी नाही, तिसरी नाही. लाल तीन वेळा अडकली, तीनही वेळा वेगळ्या ठिकाणी. चौथ्या फेरीत दोन्ही जुळल्या. मध्ये उन्मेष सर येऊन दारात उभे राहिले. त्यांनी आकडे विचारले नाहीत. थोडा वेळ यंत्राकडे पाहिलं, बरणीवरची चिकटपट्टी एका बाजूने सुटत होती ती बोटाने दाबली आणि परत गेले. सातव्या फेरीपर्यंत निळीची चार, लालची दोन. आठव्या फेरीत काहीच नाही. नवव्या फेरीतही काहीच नाही. निळीची दहावी फेरी झाली, झाकण उघडलं, बंद चेंडू बाहेर आला. पाच.

लालची शेवटची फेरी उरली. ती जुळली तर दोनाचे तीन होणार होते, आणि पाच हे तिनाच्या दुप्पट होत नाहीत. सौरवने बरणी बांधली, ताण तपासला, माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. पत्रा फिरायला लागला. आतून पहिल्यांदा खूप आवाज आला, मग कमी, मग एकच जड वस्तू लोळत असल्यासारखा. जुळलेल्या कवचाचा आवाज तसाच येतो. जवळजवळ जुळलेल्याचाही तसाच येतो. मी खिडकीशी गेले, परत आले. दोन मिनिटं झाली, यंत्र थांबलं. सौरवने रबर काढलं, झाकण उघडलं, बरणी टेबलावर ओतली. मी मोजलं, मग पुन्हा मोजलं आणि लिहिलं.

लाल बरणी, फेरी दहावी, वेग एकशे ऐंशी: अकरा तुकडे जोडलेले, एक सुटा.